शेवटच्या थांब्यावरच्या गाण्याच्या खोलीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, बस कंपनीची निवृत्त तिकीट कारकून, राहणार शेवटच्या थांब्याच्या इमारतीमागे, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हात थरथरतो तो थंडीने, आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून करीत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. डोकं शाबूत आहे की नाही हे बघायला त्यांनी मला आकडे उलटे म्हणायला सांगितले. मी त्यांना इथून खालच्या शहरापर्यंतचे सगळे थांबे उलटे म्हणून दाखवले, अर्ध्या तिकिटाच्या भाड्यासकट. पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

वस्तीत मला तिकीटबाई म्हणतात. या कागदात जिथे ‘मी’ आहे तिथे तीच बाई समजावी.

कलम १. आधीच्या मृत्युपत्राबद्दल. ही इमारत विकत घेतली त्या वर्षी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळं काही लेकीच्या नावे होतं, गाण्याच्या खोलीसकट. ते मी या कागदाने रद्द करीत आहे. तिच्यावर राग म्हणून नाही. तेव्हा मला वाटत होतं की खोली ही माझी वस्तू आहे. आता तसं वाटत नाही.

कलम २. घर. थांब्याच्या इमारतीमागच्या माझ्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं अंगण, भांडीकुंडी, कपाटं आणि बँकेतली शिल्लक हे सर्व माझ्या एकुलत्या एक लेकीला द्यावं. त्याला कसलीही अट नाही. तिने राहावं, भाड्याने द्यावं, विकावं. पलंगाखालच्या पेटीत तिच्या लहानपणीचं पाऊण मापाचं व्हायोलिन आहे, तेही तिचंच. त्याची खुंटी सैल आहे. मी ती मुद्दाम दुरुस्त केलेली नाही, कारण ते काम तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

कलम ३. गाण्याची खोली. इमारतीचा पुढचा भाग, म्हणजे पूर्वीचं प्रतीक्षालय आणि तिकिटाची खिडकी. ही माझ्याकडे कशी आली ते लिहिणं भाग आहे, कारण उद्या कोणी म्हणेल की म्हातारीने सरकारी जागा बळकावली.

ही वस्ती पाटीच्या दगडाच्या खाणीमुळे वसली. खाणीत माणसं होती, म्हणून खाणीचा बँडही होता. वाद्यं खाणीच्या कंपनीने आणली आणि ज्याला जे झेपेल ते त्याच्या गळ्यात घातलं. माझे यजमान सुरुंग लावायचे. त्यांना ढोल मिळाला, कारण सुरुंगांमुळे त्यांचा डावा कान तेव्हाच कामातून गेला होता आणि ढोल पायांनीसुद्धा ऐकू येतो. उरला तो डबल बास, माणसाएवढा उंच, उभ्याने वाजवायचा, जाड तारांचा. त्याला कोणी हात लावेना. तो एकट्याने वाजवला तर गाणं होत नाही, नुसती घरघर होते, आणि चारजणांत वाजवला तर तो वाजतोय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मी उंच होते आणि खिडकीवर उभी राहायची सवय होती, म्हणून तो मला दिला. मी यजमानांच्या उजव्या बाजूला उभी राहायची, चांगल्या कानाच्या. आमचं लग्न त्यातूनच ठरलं. दुसरं काही कारण मला आठवत नाही.

यजमान सुरुंगाने गेले नाहीत, धुळीने गेले. मग खाण बंद पडली. दिवसाच्या बसगाड्या कमी होत होत एकच राहिली आणि तिकीट ड्रायव्हरच द्यायला लागला. खिडकीची गरज संपली, माझीही. बस कंपनीने इमारत विकायला काढली तेव्हा ती घ्यायला कोणी पुढे आलं नाही. मी फंडाच्या पैशातून ती विकत घेतली. कागद कपाटात वरच्या खणात आहेत.

तर ही खोली मी कोणा एकाला देत नाही. ती वस्तीत वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसांसाठी कायमची ठेवीत आहे. तिची देखरेख तिघांनी करावी: बेकरीवाले, बंद खाणीच्या वॉचमनच्या पत्नी, आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाईंची बदली झाली तर त्यांनी जाण्याआधी आपल्या जागी इथेच राहणारं माणूस नेमावं. खालच्या शहरातल्या कोणत्याही संस्थेचं, ट्रस्टचं किंवा मंडळाचं नाव या खोलीवर लागू नये.

कलम ४. खोली कशी चालवावी.

दर मंगळवारी दुपारी ती उघडावी. एकच माणूस आलं तरी उघडावी. कोणीच आलं नाही तर ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने शेगडी पेटवून तासभर बसावं आणि मग जावं. हे मी केलेलं आहे. त्याने माणूस मरत नाही.

येणाऱ्याला आधी ‘तुला काय येतं’ असं विचारू नये. ‘चहा घेणार का’ असं विचारावं.

खोलीचं भाडं कोणाकडून घेऊ नये. मात्र तारा, क्लॅरिनेटच्या तोंडाशी लागणारी रीड, ढोलाची कातडी या वस्तू कपाटात नेहमी शिल्लक असाव्यात. वस्तीतलं संगीत मोठ्या दुःखाने बंद पडत नाही. एक तार तुटते, ती आणायला खाली जावं लागतं, आज जाऊ उद्या जाऊ करता करता वाद्य भिंतीला टेकतं ते टेकतंच. माझ्या डोळ्यांदेखत तीन वाद्यं अशी गेली.

खालचं गाव आणि धरणाची वसाहत, दोन्हीकडे अजून वाजवणारी माणसं आहेत. महिनाआड त्यांना इकडे बोलवावं आणि महिनाआड आपण तिकडे जावं. बसच्या ड्रायव्हरने वाद्यांचं भाडं न घेण्याचं कबूल केलं आहे. तो आज साक्षीदार म्हणून हजर आहे, त्यामुळे त्याला आता माघार घेता येणार नाही.

वस्तीत लग्न असो, बारसं असो की कोणाला शेवटचं पोचवायचं असो, बोलावणं आलं की जावं. वाजवणाऱ्यांनी आपापसात वाजवलं तर तो छंद झाला. माणसांच्या घरात जाऊन वाजवलं की घरातलं पोर ऐकतं, आणि पुढच्या मंगळवारी दाराशी घुटमळतं.

आणि कोणी चांगलं वाजवायला लागलं की ते जाणार. त्याला अडवू नये. तोंड वाकडं करू नये. हे मी सांगते आहे ते अनुभवाने. खाण बंद झाल्यावर बँड विस्कटला तेव्हा मी गिटारवाल्या पोरापोरींना खोलीत घेतलं. त्यांच्याबरोबर मीही वाजवायला शिकले, म्हणजे हळू वाजवायला शिकले, कारण त्यांना घाई असायची. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर वाजवायची आणि एखाद्या सकाळी त्यांच्यातलंच कोणीतरी वाद्य पाठीला लावून खिडकीसमोर उभं राहायचं. तिकीट मीच फाडायची. मी प्रत्येकाला विचारायची, “परतीचं पण देऊ?” तो माझ्या कामाचाच भाग होता, सगळ्यांना विचारावं लागे. मान खाली घालून ते नाही म्हणायचे. कोणी पत्र पाठवलं, कोणी लग्नाची पत्रिका. एकाने आपल्या गाण्याची तबकडी पाठवली, तिच्यावर वस्तीचं नाव चुकीचं छापलं होतं.

म्हणून एवढीच अट घालते: जाणाऱ्याने जाण्याआधी आपल्याला येतं ते इथल्या एका माणसाला शिकवावं. पूर्ण नाही आलं तरी चालेल.

कलम ५. यजमानांचा ढोल. खोलीत राहील. कोणीही वाजवावा. जोरात वाजवला तरी चालेल, त्यांना तसाच आवडायचा.

कलम ६. प्रकल्पवाले साहेब. खालच्या शहरातून एक साहेब आले होते. सोबत गाडीभर माणसं, कॅमेरे आणि खोलीच्या लांबीएवढा कापडी फलक, ‘दुर्गम भागातील संगीताचे सक्षमीकरण’ असा. त्यांनी आम्हाला गोल बसवून टाळ्या वाजवायला लावल्या. नव्या गिटारी वाटल्या, त्या चांगल्या होत्या, त्याबद्दल मी कृतघ्न नाही. मी त्यांना विचारलं की तुमच्यापैकी कोणी इथे राहणार आहे का, निदान थंडी सरेपर्यंत. ते हसून म्हणाले, “आम्ही फक्त ठिणगी टाकतो, मावशी.” मी म्हटलं ठिणगी आम्हीही टाकू शकतो, लाकडं आणलीत का. हे त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे आपल्या भाषणात वापरलं असं ऐकते. आमच्या सुताराच्या मुलीचा आवाज त्यांना आवडला. तिला त्यांनी शहरातल्या महोत्सवाला नेलं, तिथे तिला तिच्याच वस्तीचे कपडे म्हणून भलतेच कपडे घातले, फोटो काढले आणि बसमध्ये बसवून परत पाठवलं. त्यानंतर ती कोणासमोर गायली नाही. मी तिच्या घरी किती वेळा गेले असेन. दार उघडायची, बसायला द्यायची, आणि गाण्याचा विषय काढला की उठून आत जायची.

या साहेबांना मी त्यांचा फलक परत करीत आहे. तो इतकी वर्षं छपराच्या गळक्या कोपऱ्यावर ताणून बांधलेला होता. कापड चांगलं निघालं. टपालखर्च माझ्या शिलकीतून करावा.

कलम ७. बेकरीवाले. यांना मी काय देते ते सांगण्याआधी आमचं भांडण लिहिते, कारण ते वस्तीत सगळ्यांना चुकीचं माहीत आहे.

बेकरीवाले बँडचे क्लॅरिनेटवाले. गिटारवाली पोरं खोलीत आली आणि त्यांनी भिंतीला मोठा स्पीकर लावला त्या संध्याकाळी ते क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करत म्हणाले की हा गोंगाट इथे राहणार असेल तर मी येणार नाही. मी म्हटलं, मग नका येऊ. यात चूक त्यांची होती, आणि मी गेल्यावरही ती त्यांचीच राहील. तर ते नाही आले. बेकरी समोर, रस्त्याच्या पलीकडे. मी रोज पाव घ्यायला जायची. ते पाव पुढे सरकवायचे, मी सुटे पैसे ठेवायची, आणि दोघंही काउंटरकडे बघायचो. आमच्यात शब्द म्हणून नव्हता.

पोरं एकेक करून गेली. शेवटचा गिटारवाला गेला त्या दिवशी मी खोलीत येऊन बास उभा केला आणि वाजवायला लागले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आता याच्यावर बसवायला काही नाही. पाया आहे, घर नाही. माणूस एकटं राहू शकतं, जेवू शकतं, झोपू शकतं, स्वतःशी बोलूही शकतं. पण बास एकटा वाजत नाही. मी वाजवत राहिले ती हाताला सवय म्हणून. खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, त्या मग मी पुन्हा गोल मांडल्या. रिकाम्या का होईना, बऱ्या दिसतात.

बेकरीवाले दुपारची भट्टी तापेपर्यंत मागच्या खोलीत क्लॅरिनेट वाजवायचे. एकटेच. जुनी बँडची गाणी. वारा इकडचा असला की मला स्पष्ट ऐकू यायचं. एकदा त्यांनी असंच एक गाणं धरलं आणि माझा हात आपोआप तारेवर गेला. मी खाली खाली वाजवत त्यांच्याबरोबर शेवटापर्यंत गेले. खिडकी किंचित उघडी होती, तेवढीच ठेवली. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. मग ते रोजचंच झालं, वर्षानुवर्षं. पाव घेताना मी काही बोलले नाही, त्यांनी काही विचारलं नाही. मला वाटायचं त्यांना ऐकू जात नाही. बासचा आवाज रस्ता ओलांडत नाही अशी माझी समजूत होती.

मागच्या थंडीत मला न्यूमोनिया झाला. डॉक्टर येऊन जायचे, बाकी घरात मी आणि भिंती. दुपारी क्लॅरिनेट सुरू व्हायचं आणि मध्येच थांबायचं. पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा त्याच जागी थांबायचं. मला वाटलं रीड खराब झाली असेल. मग दारावर थाप पडली. बेकरीवाले पिठाच्या कपड्यांतच उभे होते. भांडणानंतर पहिल्यांदा ते माझी पायरी चढले होते. आत आले, पलंगापासून लांब उभे राहिले आणि म्हणाले, “खालचा सूर येत नाहीये.”

मी म्हटलं ताप आहे.

“मला वाटलं तुम्ही गेलात.”

“कुठे?”

“खाली. लेकीकडे. सगळे जातात तसं.”

“मला तिकीट कोण देणार?” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. मग सांगितलं की त्यांना पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. दर कडव्याच्या शेवटी मी येऊन पोचेपर्यंत ते थांबत होते. माझ्या हाताला अवघड जाणारी गाणी त्यांनी कधीच सोडून दिली होती. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत. ते म्हणाले, “बोललो असतो तर तुम्ही बंद केलं असतं.” खरं आहे. मी नक्की बंद केलं असतं.

मी बरी झाल्यावरच्या मंगळवारी ते क्लॅरिनेट घेऊन खोलीत आले. आम्ही दोघंच. एकमेकांसमोर वाजवायला दोघांनाही संकोच वाटत होता, म्हणून ते खिडकीकडे तोंड करून बसले. पुढच्या खेपेला जनावरांच्या डॉक्टरीणबाई एका गाईचं बाळंतपण आटोपून चिखलाच्या बुटांनी आत डोकावल्या. त्या कॉलेजात अकॉर्डियन वाजवायच्या, आणि इथे बदली होऊन आल्यापासून त्यांनी ते खोक्यातून बाहेरही काढलेलं नव्हतं. नंतर वॉचमनच्या पत्नी आल्या. त्यांचे यजमान बंद खाणीवर पहारा देतात आणि त्या दिवसभर त्या ओसाड जागेत एकट्याच असतात. त्यांना एवढी जुनी गाणी येतात की आम्हाला कोणालाच त्यांची सुरुवात माहीत नाही. त्या गाताना डोळे मिटतात, आणि संपल्यावर माफी मागितल्यासारख्या बघतात. एवढेच आम्ही. कधीकधी तिघं. एखाद्या मंगळवारी पाऊसपाणी, आजारपण, अडलेली गाय, आणि मग मी एकटीच. तरी पूर्वीच्या एकटेपणात आणि यात फरक आहे. आता जे माणूस येत नाही ते फक्त त्या दिवशी आलेलं नसतं, कायमचं गेलेलं नसतं.

तर बेकरीवाल्यांना मी खोलीची पहिली किल्ली देते. शिवाय माझी स्टुलासारखी उंच खुर्ची देते, त्यांची पाठ दुखते म्हणून. भिंतीवरचा स्पीकर मात्र काढायचा नाही. पुन्हा गिटारवालं कोणी आलं तर त्याला तो लागेल, आणि बेकरीवाल्यांनी त्या वेळी खोलीतच बसून राहायचं आहे. ही अट आहे, विनंती नाही.

कलम ८. डबल बास. मला शिष्य मिळाला नाही. क्लॅरिनेट शिकायला माणूस येतो, गिटारला येतो. खालचा सूर शिकायला कोणी येत नाही, कारण त्याची उणीव तो बंद पडल्यावरच कळते. मी गेल्यावर तो वर्षभर खोलीत उभा ठेवावा, झाकून ठेवू नये, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला लागेल असा ठेवावा. त्या वर्षात कोणी धरला तर तो त्याचा. न धरल्यास धरणाच्या वसाहतीत द्यावा. तिथे एक क्रेनवाला आहे, त्याने त्याच्याकडे दोनदा बघितलेलं मी पाहिलं आहे. काचेच्या कपाटात, हॉटेलात किंवा संग्रहालयात तो जाऊ नये.

कलम ९. मला पोचवताना. खालून बँड मागवू नये. भाषण नको. त्या आठवड्यात तुम्ही जे गाणं बसवत असाल तेच वाजवावं, कच्चं असलं तरी. माझ्यासाठी म्हणून काही निवडायला बसलात तर तुमचं भांडण होईल, तुम्हाला मी ओळखते.

कलम १०. लेक. तिला घर दिलं आहे ते वर आलंच. पण तिला खोली का दिली नाही हे तिला इतरांकडून कळू नये म्हणून लिहिते.

माझी लेक या खोलीत वाढली. खिडकीखालच्या पेटीवर उभी राहून ती व्हायोलिन वाजवायची, आणि गाडीची वाट बघणारे लोक गाडी आल्यावरही थोडे रेंगाळायचे. एकोणिसाव्या वर्षी ती गेली. तिलाही मी खिडकीतून परतीचं विचारलं. ती म्हणाली, “इथे ऐकायला आहे कोण, आई?” मागे रांग होती, मी तिकीट फाडून दिलं. ती वाईट बोलली असं नाही. ती खिडकीच्या त्या बाजूला होती आणि मी या बाजूला, एवढंच.

शहरात ती वाद्यवृंदात वाजवायची. मला एकदा नेलं होतं, मागच्या रांगेतून तिचं फक्त कोपर दिसलं. मग खांदा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, आणि तिने वाजवणं सोडलं. आता वाद्यं विकणाऱ्या दुकानात असते. आमचं फोनवर बोलणं होतं ते औषधं आणि हवा एवढ्यापुरतं. मी तिला मंगळवारचं कधी सांगितलं नव्हतं. का, ते नीट सांगता येणार नाही. ती हसली असती असं नाही. तिला वाईट वाटलं असतं.

गेल्या महिन्यात तिने स्वतःहून फोन केला. दुकानातूनच. डोंगर चढायला येणाऱ्यांसाठी लॉज काढू पाहणारा एक गृहस्थ तिला भेटला होता. त्याला पूर्ण इमारत हवी होती, रस्त्याकडच्या भागासकट. तिने सगळा विचार केला होता, मी तिच्याकडे येऊन राहावं, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. प्रेमानेच बोलत होती. मी म्हटलं, मागचं घर माझ्यामागे तुझं आहे, त्याचं काय ते तू ठरव. पुढची खोली देता येणार नाही. ती वापरात आहे.

ती म्हणाली, “कोण वापरतं?”

मी सांगितलं. बेकरीवाले, गाईंच्या डॉक्टरीणबाई, वॉचमनच्या पत्नी. सांगताना माझ्याच कानाला ते थोडं केविलवाणं लागलं. ती म्हणाली, “आई, तू एकटी पडली आहेस म्हणून हे सगळं करते आहेस.”

“हो,” मी म्हटलं. “म्हणूनच करते आहे. तेही म्हणूनच येतात.”

फोन दोघींनीही ठेवला नाही. तिच्या मागे दुकानात कोणीतरी गिऱ्हाईक व्हायोलिन वाजवून बघत होतं. वरून दुसरी तार उतरलेली होती, चांगलीच. ते माणूस तसंच वाजवत होतं, आणि आम्ही दोघी, मी इकडून आणि ती तिकडून, ते ऐकत होतो. शेवटी ती म्हणाली, “थांब हं, त्याची तार लावून देते.” फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मी पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिले. तिने तार वर नेली, थोडी जास्त गेली, खाली आणली. ती नेहमी आधी थोडी जास्त नेते, लहानपणापासून. मग सूर लागला. तिला तिथेच थांबता आलं असतं. पण तिने गज घेतला आणि त्या एका तारेवरून हळू, शेवटपर्यंत ओढला. खांदा दुखत असणार, कारण शेवटी सूर जरा हलला. मग तिने वाद्य त्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलं असावं.

फोनवर परत आली तेव्हा तिला वाटलं होतं मी ठेवून दिला असेल. “आहेस का?” तिने विचारलं. मी म्हटलं, आहे.

या फोनमुळे मृत्युपत्रातला एकही शब्द बदललेला नाही, हे येथे नमूद करते.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला आणि तो माझ्या मनासारखा आहे याची खात्री करून त्यांच्यासमोर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर आपल्या सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही या कागदाने काही मिळत नाही. अंमलबजावणी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी करावी. त्यांनी तोंडी होकार दिला आहे.

सही: तिकीटबाई

साक्षीदार पहिला: वस्तीच्या दवाखान्यातले डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा: दुपारच्या बसचा ड्रायव्हर (सही; गाडी सुटायची असल्याने घाईत, पण पूर्ण ऐकून)

स्थळ: शेवटचा थांबा, पुढची खोली

वार: मंगळवार, थंडी सुरू होताना